सेकंडहँड गाडी बदलीच्या आधी पुण्यात घ्यावी की बेंगळुरूला पोहोचल्यावर?

घाटमाथा (मूळ धागा)

पुण्याहून बेंगळुरूला बदली ठरली की गाडीचा विषय हमखास निघतो. बोलायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरू: पाच वर्षं वापरलेली पेट्रोल हॅचबॅक, नवी होती तेव्हा आठ लाखांची, आता साडेचार-पाचला मिळणारी. इथून घेऊन जायची, की तिकडे जाऊन केए पासिंगची (कर्नाटकात नोंदलेली) शोधायची?

माझं मत: इथेच घ्या, पण निघण्याच्या किमान दोन महिने आधी.

जुन्या गाडीत माणूस फसतो तो तपासणीत, आणि खात्रीचा मेस्त्री नव्या शहरात पहिल्या महिन्यात मिळत नाही. चांगला मेस्त्री आधी दाराच्या चौकटीवरचं रबर हाताने ओढून काढतो. आत कंपनीचे स्पॉट वेल्ड ठरावीक अंतरावर, छोट्या गोल खळ्यांसारखे दिसतात. एका बाजूला ते आहेत आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत लांबी (चेपलेला पत्रा सपाट करायचा लगदा) भरलीय, तर गाडी त्या बाजूने जबर ठोकलेली आहे. मग तो सीटबेल्टचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढतो. गाडी पाण्यात गेली असेल तर आतल्या टोकाकडे गाळाचा डाग सापडतो, कारण सीट कव्हर सगळे बदलतात, पट्टा सहसा कुणी बदलत नाही. डिकीत स्टेपनी उचलून खालचा पत्रा बघायचा. टायरवरचे चार आकडे वाचायचे: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मीटर २२ हजार किलोमीटर दाखवतंय आणि चारही टायर गाडीपेक्षा तीन वर्षांनी नवे, तर मीटर मागे फिरवल्याचा संशय धरा, तिथेच थांबा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधला किलोमीटरचा इतिहास मागवा.

कागदांचंही तेच. राज्यातल्या राज्यात फॉर्म २९ दोन प्रतींत, फॉर्म ३०, आरसी, चालू विमा, पीयूसी आणि दोघांचे ओळखीचे-पत्त्याचे पुरावे एवढ्यावर गाडी नावावर होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिली तरच नवा नंबर घ्यावा लागतो. तोवर पुण्याच्या एमएच-१२ नंबरवर फिरा.

निव्वळ_बेरीज

मेस्त्रीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण १२ महिने ही सूट नाही, काम पुढे ढकललेलं आहे इतकंच. तेराव्या महिन्यात काय काय करावं लागतं ते मांडतो. पुण्याच्या आरटीओकडून फॉर्म २८ वर एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला. ती घेऊन बेंगळुरूत फॉर्म २७, गाडीची तपासणी, आजीवन कर, नवा नंबर, नव्या एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबरच्या) पाट्या. मग विम्यात आणि फास्टॅगमध्ये नंबर बदलणं. हे सगळं नोकरी सांभाळून, कार्यालयीन वेळेत.

आणि कर. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, म्हणजे तुमच्या आठ लाखांवर ८८ हजार पहिल्या मालकाने भरलेले आहेत. कर्नाटकात पाच ते दहा लाखांच्या गाडीला १४ टक्के, वर उपकर. नव्या गाडीला १ लाख १२ हजार अधिक उपकर झाला असता. जुनीला वयाप्रमाणे कमी होतो, पण आधार गाडीची मूळ किंमत असते, तुम्ही दिलेले साडेचार लाख नव्हेत. लोक इथेच गणित चुकवतात. पाच वर्षांच्या गाडीलाही रक्कम काही दहा हजारांत जाते.

महाराष्ट्र उरलेल्या वर्षांचा कर परत देतो हे खरं. पण आधी तिकडचा कर भरायचा, नवी आरसी हातात यायची, मग तिची प्रत, कर भरल्याची पावती आणि एनओसीची प्रत जोडून पुण्यात अर्ज करायचा. तोपर्यंत दोन्ही राज्यांत तुमचे पैसे अडकलेले. वर्षापेक्षा जास्त राहणार असाल तर केए पासिंगचीच घ्या.

घाटमाथा

हिशेबातली एक बाजू राहिली. बेंगळुरूत तीच गाडी तेवढ्यालाच मिळते का? पहिल्या मालकाने जास्त कर भरलेला असतो, तो त्याच्या मागणीच्या किमतीत उतरतो. म्हणजे कर तुम्ही तिथेही भरताच, विक्रेत्याच्या हातून. फरक काढायचा तर एकच मॉडेल, एकच साल, एकच व्हेरिअंट दोन्ही शहरांत बघा. त्या फरकातून कर्नाटकातला कर वजा करा, परताव्याची रक्कम त्यात जमा करा, मग ठरवा.

निव्वळ_बेरीज

बरोबर, पण विक्रेत्याच्या हातून भरलेला कर गाडीच्या किमतीबरोबर घसरलेला असतो. पाच लाख मागणारा माणूस पाच वर्षांपूर्वीचा कर पूर्ण वसूल करू शकत नाही, आरटीओ मात्र आपल्या कोष्टकात येईल तेवढा पूर्ण घेतं. शिवाय पुढे विकताना: बेंगळुरूत एमएच नंबरच्या गाडीला ग्राहक लगेच भाव पाडून मागतो, कारण एनओसीची कटकट त्याच्या गळ्यात पडते.

नोंदवही

तुमच्या दोघांच्या वादात सगळ्यात घातक पर्याय राहून गेला, आणि घाईत बहुतेक लोक तोच निवडतात. निघायच्या शेवटच्या आठवड्यात पुण्यात गाडी घ्यायची, विक्रेत्याच्याच नावावर एनओसी काढून घ्यायची आणि सही केलेले फॉर्म २९-३० खिशात घालून बेंगळुरूला जायचं. "तिकडे गेल्यावर नावावर करू." कायद्याने हा मार्ग बंद नाही, पण तो चार ठिकाणी तुटतो.

पहिलं, एनओसी एका ठरावीक आरटीओच्या नावाने निघते. जयनगरच्या केए-०५ साठी काढली आणि भाड्याचं घर के. आर. पुरमला मिळालं, तर तुमचं कार्यालय केए-५३. पत्ता आणि एनओसी जुळत नाही, अर्ज तिथेच अडतो. घराचा करार हातात नसताना एनओसी काढू नये ती यासाठी.

दुसरं, विमा. नाव बदलण्यासाठी १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवायचं असतं. तृतीय पक्षाचं संरक्षण कायद्याने तुमच्याकडे येतं, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारते: पॉलिसी एकाच्या नावावर, गाडी दुसऱ्याची. नो क्लेम बोनसही (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) विक्रेत्यासोबत जातो. तो ५० टक्के असेल तर तेवढा फरक तुम्हाला भरावा लागतो. सौदा करतानाच ही रक्कम मोजा.

तिसरं, बोजा. आरसीवर बँकेचं नाव असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र देऊन आधी बोजा उतरवून घ्या. "कर्ज फिटलंय" हे तोंडी चालत नाही. थकलेली चलनंही आधीच भरून घ्यावीत. आणि २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी असेल तर एचएसआरपी बसवलेली आहे का ते बघा; नसेल तर महाराष्ट्रात आरटीओची कामं अडतात.

चौथं विक्रेत्यांसाठी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलं, की नोंदीत ज्याचं नाव तोच मालक. गाडी विकून दोन वर्षं झाली असली तरी अपघाताची भरपाई त्याच्याकडे मागितली जाऊ शकते. शहाणा विक्रेता म्हणूनच नाव बदलल्याशिवाय किल्ली देत नाही, आणि त्याच्यावर रागावू नये.

मालवणी_मसाला

दोन शंका. कंपनीच्या अनेक राज्यांत शाखा आहेत, तर बीएच (भारत मालिकेचा, सगळ्या राज्यांत चालणारा) नंबर घेतला की हा सगळा प्रश्न मिटतो ना? आणि बेंगळुरूत पोहोचल्या पोहोचल्या केए गाडी नावावर होते का?

नोंदवही

बीएच मालिका सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. खासगी कंपनीची कार्यालयं चार किंवा अधिक राज्यांत वा केंद्रशासित प्रदेशांत हवीत आणि कंपनीने फॉर्म ६० मध्ये तसं लिहून द्यावं लागतं. डिसेंबर २०२२ च्या दुरुस्तीने साध्या नंबरची गाडीही बीएचमध्ये नेता येते. कर दोन-दोन वर्षांचा: दहा लाखांच्या आत ८ टक्क्यांच्या दराने, डिझेलला २ टक्के जास्त. मुदत चुकली की सात दिवसांनंतर रोज १०० रुपये दंड लागतो, तेव्हा तारीख लिहून ठेवा. दर तीन-चार वर्षांनी बदली होणाऱ्यांना हे सोयीचं आहे. एकदाच बेंगळुरूला जाऊन तिथेच राहणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

दुसरी शंका महत्त्वाची, कारण "तिकडे जाऊन घ्या" म्हणणारे ती टाळतात. नावावर करायला कर्नाटकातला पत्ता लागतो. पीजीच्या पावतीवर काम होत नाही. भाडेकरार आणि आधारवरचा बदललेला पत्ता होईपर्यंत पहिला महिना-दीड महिना गाडीशिवाय काढायची तयारी ठेवा.

निव्वळ_बेरीज

तो दीड महिना मेट्रो आणि रिक्षाने काढा. तपासणीसाठी पैसे घेऊन येणारे स्वतंत्र तपासनीस बेंगळुरूत आहेत. ते रंगाची जाडी मोजणारं यंत्र आणि ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाड वाचणारं यंत्र) घेऊन येतात. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन, एकाच दारावर ३००च्या वर आकडा आला तर तिथे लांबी आहे. ओळखीचा मेस्त्री नाही म्हणून पाऊण लाखाचा करव्यवहार ओढवून घेणं मला पटत नाही.

घाटमाथा

मुक्काम पाच वर्षांचा नक्की असेल तर तुमचं पटतं. पण करार ११ महिन्यांचा, किंवा सहा महिन्यांत परत बोलावण्याची शक्यता असेल, तर पुण्यात स्वतःच्या नावावर करून घेतलेली गाडीच बरी, आणि यावर मी ठाम आहे.

मात्र एक काळजी घ्यावी. कर्नाटकाने २०१४ मध्ये कायद्यात बदल करून ३० दिवसांनंतरच आजीवन कर मागायला सुरुवात केली होती. उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तो बदल रद्द केला. तरी रस्त्यावर अडवल्यावर गाडी राज्यात कधी आली हे दाखवायची वेळ तुमच्यावर येतेच. विक्रेत्याला त्याचा फास्टॅग बंद करायला लावा, स्वतःच्या नावाचा बसवा आणि मगच निघा. कोल्हापूर ओलांडून कर्नाटकातल्या पहिल्या टोलनाक्यावर कापलेल्या पैशांची तारीख त्या खात्याच्या उताऱ्यावर छापली जाते. तो उतारा आणि त्या दिवशीच्या पेट्रोलची पावती आरसीसोबत गाडीतच ठेवा.