लॉजिटेकची पेडल्स मोझाच्या बेससोबत वापरता येतील का?

प्रश्न: घाटवळण

माझ्याकडे कार-शर्यतीच्या खेळांसाठीचा लॉजिटेक जी२९ हा चाक आणि पेडल्सचा जुना संच आहे. गेल्या महिन्यात मी मोझा आर५ हा डायरेक्ट ड्राइव्ह बेस (ज्याच्या मोटरला चाक थेट जोडतात तो भाग) त्याच्या चाकासह, परंतु पेडल्सविना, घेतला. नवी पेडल्स घेणे सध्या परवडणारे नाही आणि जी२९ ची तिन्ही पेडल्स उत्तम स्थितीत आहेत, म्हणून तीच वापरावीत असा विचार आहे. अडचण अशी की त्यांच्या केबलच्या टोकाला नऊ पिनांचा जोड आहे, तर मोझाच्या बेसवर पेडल्ससाठी टेलिफोनच्या तारेला असते तशी चौकोनी खाच आहे. केबल कापून तिला तसा प्लग बसवला तर चालेल का? मी फक्त संगणकावर खेळतो, आणि तेही मुख्यतः ‘असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने’ हा शर्यतीचा खेळ.

उत्तर १: चौथा गिअर

कृपया केबल कापू नका. प्लग खाचेत बसला म्हणजे जोडणी झाली असे होत नाही, कारण कोणत्या तारेतून वीजपुरवठा यावा आणि कोणत्या तारेतून संकेत जावा हे प्रत्येक कंपनी स्वतंत्रपणे ठरवते. थ्रस्टमास्टर आणि फॅनाटेक या दोन्ही कंपन्यांच्या पेडल्सना आरजे१२ हा टेलिफोनसारखा प्लग असतो, तरीही एकाची पेडल्स दुसऱ्याच्या बेसला थेट लावता येत नाहीत. चुकीच्या पिनेवर वीज गेली तर सेन्सर किंवा बेसचे सर्किट निकामी होऊ शकते.

तुमच्या बाबतीत मुळात बेसला पेडल्स जोडण्याची गरजच नाही. विंडोज एकाच वेळी अनेक यूएसबी उपकरणे ओळखते, आणि तुमचा खेळ चाक एका उपकरणावरून व ब्रेक दुसऱ्या उपकरणावरून स्वीकारतो. जी२९ चे जुने चाक संगणकाला जोडलेले ठेवून त्याची पेडल्स आजच वापरून पाहता येतील. मात्र खेळाच्या सेटिंगमध्ये फोर्स फीडबॅकसाठी, म्हणजे मोटरने चाकावर दिलेल्या जोरासाठी, मोझाचाच बेस निवडलेला आहे याची खात्री करा, नाहीतर जुने चाक बाजूला थरथरत राहील आणि हातातले चाक निर्जीव वाटेल.

उत्तर २: तांब्याची तार

वरील उपाय योग्य आहे, पण जुने चाक कायम टेबलाखाली ठेवायचे नसेल तर यूएसबी अडॅप्टर लागेल. लॉजिटेकच्या पेडल्ससाठी तयार अडॅप्टर मिळतात. मी मात्र तो घरी बनवला आणि तोच मार्ग मी मनापासून सुचवेन, कारण या पेडल्सची रचना फार सोपी आहे. प्रत्येक पेडलमागे एक पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवल्यावर रोध बदलणारा भाग, असतो. त्याच्या दोन टोकांना वीज आणि ग्राउंड जोडलेले असतात, आणि पेडल दाबले की मधल्या तारेवरचा व्होल्टेज बदलतो.

यासाठी एटीमेगा३२यू४ चिप असलेला, प्रोग्राम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड घ्या, म्हणजे आर्डुइनो लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो. ही चिप संगणकाला स्वतःची ओळख जॉयस्टिक म्हणून करून देऊ शकते. नेहमीचा ऊनो बोर्ड ते थेट करू शकत नाही. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत आणि मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडवर बोर्ड मिळेल, आणि नऊ पिनांचा समोरचा जोडही मिळेल, म्हणजे मूळ केबलला हात लावावा लागणार नाही.

पिना ओळखण्यासाठी इंटरनेटवरच्या आकृतीवर विसंबू नका, मल्टिमीटर वापरा. पेडल्स कशालाही जोडलेली नसताना दोन-दोन पिनांमधील रोध मोजा. ज्या जोडीतला रोध शून्य नाही आणि कोणतेही पेडल दाबले तरी बदलत नाही, ती जोडी वीज व ग्राउंडची. या जोडीतल्या एका पिनेच्या तुलनेत ज्या तीन पिनांचा रोध एकेका पेडलबरोबर बदलतो, त्या तीन संकेतांच्या. त्या ए०, ए१ आणि ए२ ला जोडा, आणि आधीची जोडी बोर्डाच्या व्हीसीसी व ग्राउंडला. या जोडीत अदलाबदल झाली तर फक्त अक्ष उलटा येतो, म्हणजे सोडलेले पेडल दाबलेले दिसते; तो प्रोग्राममध्ये सुलटा करता येतो. प्रोग्रामसाठी आर्डुइनोची जॉयस्टिक लायब्ररी पुरेशी आहे.

बोर्ड ० ते १०२३ इतक्या पायऱ्या मोजतो, पण पेडल ती सगळी मर्यादा व्यापत नाही. त्यामुळे सोडलेल्या आणि पूर्ण दाबलेल्या स्थितीतले आकडे पाहून कॅलिब्रेशन अवश्य करा. आकडा स्थिर राहत नसेल तर सलग काही नोंदींची सरासरी घ्या.

एक सावधगिरी मात्र पाळाच. जुन्या संगणकाच्या सिरियल पोर्टचा जोडही नऊ पिनांचाच असतो. त्यात पेडल्सची केबल कधीही लावू नका, कारण तिथला व्होल्टेज या कामासाठी नाही.

उत्तर ३: रात्रपाळी

हा धागा पुढे कन्सोलवाल्यांनीही वाचला तर त्यांच्यासाठी लिहितो. वरील दोन्ही उपाय संगणकापुरते आहेत. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सवर स्वतंत्र यूएसबी पेडल्स सहसा चालत नाहीत, तिथे पेडल्सचा संकेत बेसमधूनच जावा लागतो. म्हणूनच थ्रस्टमास्टरच्या टी-एलसीएम पेडल्सना आरजे१२ आणि यूएसबी अशा दोन्ही जोडण्या दिलेल्या आहेत: संगणकावर ती कोणत्याही कंपनीच्या चाकासोबत चालतात, कन्सोलवर मात्र थ्रस्टमास्टरच्या सुसंगत बेसमधूनच.

प्रश्नकर्ता: घाटवळण

सर्वांचे मनापासून आभार. काल आधी जुने चाक जोडून पाहिले आणि पेडल्स लगेच ओळखली गेली. आज प्रो मायक्रो आणून जोडणी पूर्ण केली. माझ्या हातून वीज आणि ग्राउंडची अदलाबदल झाली होती, त्यामुळे पेडल न दाबताच खेळात ब्रेक पूर्ण लागलेला दिसत होता. ‘तांब्याची तार’ यांनी सांगितल्याप्रमाणे अक्ष उलटवल्यावर ते दुरुस्त झाले. क्लचचा आकडा थोडा हलत होता, तो आठ नोंदींची सरासरी घेतल्यावर स्थिरावला. एक गोष्ट मात्र नव्याने लक्षात आली, ती अशी की बोर्ड दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावला तेव्हा खेळ पेडल्सची नेमणूक विसरला. आता त्या पोर्टवर मी खूण करून ठेवली आहे.