मदत हवी आहे : सिममधल्या स्पिटफायरचं इंजिन खरंच तापतं, की आत नुसतं घड्याळ लावलेलं असतं?

नमस्कार मंडळी,

बडोद्याहून लिहितोय. जुन्या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरचा नाद आहे आणि सध्या त्यावरून घरात वाद पेटलाय. माझे काका वायुसेनेत मिग-२१ वर इंजिन फिटर होते, आता निवृत्त. त्यांचं म्हणणं, "काटे हलले म्हणून मशीन होत नाही." मला ते पटत नाही, पण त्यांना पटवायचं कसं?

मुद्दा असा. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या, म्हणजे स्पिटफायर मार्क ९ च्या मर्लिन ६६ इंजिनाला ३००० आरपीएम आणि +१८ बूस्टवर (बूस्ट म्हणजे इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब) ५ मिनिटांची मर्यादा होती. मी वापरतो त्या सिममध्ये (नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर प्रश्न राहील बाजूला आणि पंथांची भांडणं जुंपतील) ती मिनिटं संपली की थोड्याच वेळात इंजिन बसतं. कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) तापमानाचा काटा निवांत असला तरी! बर्फातल्या मोहिमेत तेच, भर उन्हाळ्यातल्या मोहिमेत तेच. काका हसले. "अरे, ही मर्यादा इंजिनाच्या आयुष्यासाठी असते. ओलांडली तर पायलटने येऊन सांगायचं, आम्ही नोंद करून इंजिन तपासायचं. सहाव्या मिनिटाला फुटायला तो काय सुतळी बॉम्ब आहे?"

उलट मित्राकडे डीसीएस नावाच्या सिममधलं मिग-२१ बिस बघितलं तेव्हा काका एकदम गप्प झाले. स्क्रीनजवळ वाकून म्हणाले, "तो इंधनाचा नॉब फिरतो का रे?" फिरतो! त्या विमानात इंधनाचा काटा टाकीत किती आहे ते बघतच नाही. भरलेल्या इंधनाचा आकडा आधी हाताने लावायचा, मग जळेल तसा तो वजा करत जातो. मित्राने लावलाच नव्हता. "म्हणजे परत यायला पुरेल की नाही, हे ह्या पायलटला ठाऊकच नाही," काका म्हणाले, आणि पुढे तासभर खुर्ची सोडली नाही.

मला मात्र स्पिटफायरच उडवायचंय. बडोदेकरांना कारण सांगायला नको, इतरांसाठी सांगतो : दुसऱ्या महायुद्धात बडोदा संस्थानाने विमानांसाठी पैसे दिले, म्हणून रॉयल एअर फोर्सच्या १२४ व्या स्क्वाड्रनच्या नावात 'बडोदा' आलं. तर जाणकारांनी सांगावं, कुठल्या प्रणाली खरोखर गणित करून चालवल्यात आणि कुठल्या नुसत्या रंगवल्यात, हे घरबसल्या ओळखायचं कसं? आणि ब्रेकचं काय करू? माझ्या जॉयस्टिकला ब्रेकची मूठच नाही.

प्रतिसाद १

कॉकपिट किती देखणं आहे ते बघू नका. एक गोष्ट बिघडली की तिच्यामागे दुसरी बिघडते का, ते बघा.

स्पिटफायरमध्ये ब्रेक, फ्लॅप (उतरताना पंखांमागे खाली येणाऱ्या पट्ट्या) आणि तोफा एकाच दाबाच्या हवेवर चालतात. ती हवा इंजिनावरचा कॉम्प्रेसर भरतो. तेव्हा इंजिन बंद ठेवून ब्रेक दाबा-सोडा, दाबा-सोडा. दाबाचा काटा उतरायला हवा. पार उतरला की फ्लॅपची कळ ओढा. फ्लॅप तरीही झोकात खाली आले, तर काका जिंकले.

दुसरं, नाक झटकन खाली दाबा. सुरुवातीच्या मर्लिनच्या कार्ब्युरेटरमध्ये फ्लोट होता, त्यामुळे निगेटिव्ह जी मध्ये (म्हणजे सगळं सीटवरून वर उचललं जातं तेव्हा) इंजिन आचके द्यायचं. १९४१ मध्ये बिॲट्रिस शिलिंग ह्या इंजिनियर बाईंनी छोटीशी चकती बसवून ते बरंच आटोक्यात आणलं. मर्लिन ६६ मध्ये कार्ब्युरेटरच वेगळा, दाबाने इंधन देणारा. म्हणजे मार्क १ ने आचका दिला नाही तर सिम खोटं, आणि मार्क ९ ने दिला तरी खोटं.

घड्याळ पकडणं सोपं आहे. मर्यादा संपत आली की थ्रॉटल थोडा वेळ मागे घ्या आणि पुन्हा पुढे ढकला. काटे न हलता मिनिटं 'परत' मिळाली, की समजायचं आत घड्याळ आहे. आयएल-२ ह्या सिमच्या नव्या मालिकेवर हीच टीका वर्षानुवर्षं झाली. शिवाय १९४४ मध्ये जास्त बूस्ट सोसणारं १५० ग्रेडचं इंधन आल्यावर ह्याच मर्लिन ६६ ला +२५ बूस्टपर्यंत परवानगी मिळाली. धातूतच ५ मिनिटं कोरलेली असती तर हे जमलं नसतं.

पण घड्याळवाल्यांची बाजूही अगदीच लंगडी नाही. खऱ्या पायलटला जिवाची भीती आणि इंजिन फुकट घालवल्याचा जाब, दोन्ही असायचं. आपल्याला पुढच्या मोहिमेत नवं कोरं इंजिन फुकट मिळतं. काहीतरी लगाम हवाच. माझं मत विचाराल तर तो तापमानातून आणि डिटोनेशनमधून (सिलिंडरमध्ये इंधन नको तसं भडकण्यातून) यावा.

प्रतिसाद २

बडोदा स्क्वाड्रनसाठी नवं सिम घेणार असाल तर एक पाचर मारून ठेवतो. डीसीएसचं स्पिटफायर एलएफ (कमी उंचीसाठीचं) मार्क ९ आहे, इंजिन मर्लिन ६६. १२४ कडे १९४४ मध्ये एचएफ (जास्त उंचीसाठीची) मार्क ९ आली, त्यात मर्लिन ७०. त्याचा सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) जास्त उंचीसाठी जुळवलेला. त्याआधी त्यांच्याकडे मार्क ७ होती, दाबबंद कॉकपिटवाली. तेव्हा प्रणाली कितीही अचूक असल्या तरी फार उंचावर 'आपलं' विमान असं वागायचं नाही.

ब्रेकसाठी जॉयस्टिकवर ॲनालॉग (जितका दाबाल तितकाच लागणारा) ट्रिगर किंवा पॅडल शोधा, साध्या बटणावर नाक आपटाल. खऱ्या विमानात मुठीवरची कळ दाबून पायाने रडर (शेपटीचं सुकाणू) द्यायचा, की त्या बाजूचा ब्रेक जास्त लागतो. मिग-२१ मध्येही हीच पद्धत. काकांनाच विचारा.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. हवेची परीक्षा काकांसमोरच घेतो, निकाल काहीही लागो. एचएफचं माहीत नव्हतं, पण एलएफवर भागवून घेईन. आता एकच उरलं : असा ट्रिगर असलेली जुनी जॉयस्टिक बडोद्यात कुणाला विकायची आहे का? अहमदाबादपर्यंत येऊन घेऊन जाईन.