‘पोस्ट-डिस्को’ हे नाव टाकून द्यावे का?

मध्यलय

1979 नंतर अमेरिकेत निघालेल्या नृत्यसंगीताच्या तबकड्यांना आज सर्रास ‘पोस्ट-डिस्को’ म्हटले जाते. हे नाव वापरणे आपण थांबवावे, असे माझे मत आहे. 12 जुलै 1979 रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर एका रेडिओ निवेदकाच्या पुढाकाराने डिस्कोच्या तबकड्या स्फोटाने उडवण्यात आल्या, जमाव मैदानात घुसला आणि यजमान संघाला त्या दिवशीचा दुसरा सामना सोडून द्यावा लागला. त्या रात्री डिस्को मेला, अशी जी समजूत रूढ झाली, तिच्यावर ‘पोस्ट’ हा उपसर्ग शिक्कामोर्तब करतो. प्रत्यक्षात त्याच शहरातल्या वेअरहाऊस या क्लबमध्ये डीजे फ्रँकी नकल्स 1977 पासून तबकड्या वाजवत होते आणि 1982 पर्यंत वाजवत राहिले. तिथे नाचायला येणाऱ्या, प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि समलिंगी तरुणांच्या लेखी काहीही संपलेले नव्हते. संपला तो रेडिओवरचा आणि मोठ्या कंपन्यांच्या ताळेबंदातला डिस्को.

डिस्कोतूनच शिकागोत वाढलेल्या नृत्यसंगीताचे ‘हाऊस’ हे नाव वेअरहाऊसवरूनच आले. शिकागोतल्या एका रेकॉर्डच्या दुकानात ‘वेअरहाऊसमध्ये वाजते ते’ अशी चिठ्ठी लावून माल विकला जाई आणि पुढे त्या चिठ्ठीवरचा शब्द आखूड झाला, असे सांगितले जाते. म्हणजे हाऊसची पहिली तबकडी म्हणून जेसी साँडर्स यांची जी तबकडी दाखवली जाते, ती 1984 मध्ये येण्याआधीच हे नाव लोकांच्या तोंडी होते, आणि ते डिस्कोच्याच जुन्या व परदेशी तबकड्यांना लावले जात होते. किराणा किंवा ग्वाल्हेर म्हटल्यावर जसे आपल्याला गाव आणि गायकी दोन्ही एकदम कळतात, तसे हे नाव आहे. ‘पोस्ट-डिस्को’ मात्र कुठलेच गाव सांगत नाही.

काळी पाच

मी आपल्याशी सहमत नाही. मराठीत आपण ‘साठोत्तरी साहित्य’ म्हणतो, तेव्हा साठ साली साहित्य मेले असे कोणीही समजत नाही. आधीच्या वळणापासून लेखन कुठे तुटले, एवढेच ते नाव दाखवते. ‘डिस्कोत्तर’ या शब्दाकडेही मी तसेच पाहतो.

आणि इथे तुटलेपण कानाला ऐकू येते. सत्तरच्या दशकातल्या डिस्कोत व्हायोलिनचा ताफा, ब्रास आणि भरगच्च वाद्यवृंद असे. मोठ्या कंपन्यांनी हात आखडता घेतल्यावर एवढा खर्च करायला कोणी उरले नाही आणि काम न्यूयॉर्कच्या प्रिल्यूड, वेस्ट एंड अशा छोट्या कंपन्यांकडे आले. डी ट्रेन या जोडीची 1981 मधली ‘यू आर द वन फॉर मी’ ऐकावी. तिच्यात वाद्यवृंदाची सगळी जागा सिंथेसायझरने घेतली आहे आणि बेसलाइन गाण्याच्या बरोबरीने पुढे आली आहे. पीच बॉइज यांची 1982 मधली ‘डोन्ट मेक मी वेट’ तर त्याहून उघडी आहे. टाळ्या, प्रतिध्वनी आणि मध्ये सोडलेली पोकळी यांवरच ती उभी आहे. याला डिस्को म्हणणे म्हणजे झालेला बदल नाकारणे होय, आणि हाऊस म्हणावे तर ते शिकागोचे. याच तबकड्यांसाठी ‘बूगी’ हा शब्द लंडनच्या डीजेंनी आणि संग्राहकांनी रुळवला, तोही बाहेरचाच. मग मधल्या चार-पाच वर्षांना नाव द्यायचेच नाही का?

मध्यलय

बदल झाला हे मी नाकारत नाही. नाव कोण देतो आणि कशासाठी, हा माझा प्रश्न आहे. 1982 मध्ये ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने आपल्या ‘सोल’ गाण्यांच्या यादीचे नाव बदलून ‘ब्लॅक सिंगल्स’ केले आणि ते 1990 पर्यंत टिकले. आपण सांगता त्यांपैकी कितीतरी तबकड्या त्या यादीत पडल्या. कलावंताच्या कातडीचा रंग हे ज्या यादीचे शीर्षक होते, तिने संगीताबद्दल काहीच सांगितले नव्हते. अशा इतिहासानंतर संग्राहकांनी मागाहून ठेवलेले नाव मी डोळे मिटून स्वीकारावे, हे मला जमत नाही.

एडिसनकर

जागेच्या नावावर मध्यलय यांचा फार विश्वास दिसतो, म्हणून एक उदाहरण देतो. न्यूयॉर्कच्या किंग स्ट्रीटवरच्या पॅराडाइज गॅराज या क्लबवरून ‘गॅराज’ हे नाव आले. तो क्लब 1987 मध्ये बंद झाला. तिथले डीजे लॅरी लेव्हन डिस्कोबरोबर डब (जमैकातल्या रेगेचे प्रतिध्वनींवर उभे रूप), रॉक, सोल असे काहीही वाजवत, त्यामुळे मुळात गॅराज हा एक प्रकार नव्हताच, ती एका माणसाची निवड होती. पुढे आमच्या न्यू जर्सीत, नेवार्कच्या झांझिबार क्लबमध्ये टोनी हम्फ्रीज यांच्या हाताखाली चर्चमधल्या गायकीच्या वळणाचे हाऊस त्या नावाशी जोडले गेले. नव्वदच्या दशकात ब्रिटनमध्ये तेच नाव जलद, तुटक ठेक्याच्या संगीताला मिळाले. गाव तेच सांगितले, पण गायकी दोनदा बदलली.

काळी पाच

एडिसनकर यांच्या मुद्द्याला मी डेट्रॉइटची जोड देतो. 1988 मध्ये तिथल्या तरुणांच्या तबकड्यांचा संग्रह ब्रिटनमध्ये निघणार होता, तेव्हा त्याचे ठरलेले नाव ‘हाऊस साउंड ऑफ डेट्रॉइट’ असे होते. तिथलेच संगीतकार हुआन ॲटकिन्स यांनी ऐन वेळी दिलेल्या रचनेच्या नावात ‘टेक्नो’ हा शब्द होता आणि संग्रहाचे शीर्षक बदलले; डेट्रॉइटच्या या यंत्रसंगीताला तेच नाव मिळाले. 1984 मध्येच त्यांच्या सायबोट्रॉन या जोडीने ‘टेक्नो सिटी’ काढली होती. शिकागोच्या वास्तूचे नाव डेट्रॉइटवर बसले असते, तर ते एका अख्ख्या शहराचे श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर जमा करणारे ठरले असते.

बैरागी

या चर्चेत मुंबईही यायला हवी. चित्रपटसंगीतात गिटार वाजवणारे चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये दहा रागांची एक तबकडी केली. तिच्यात भैरवी, ललित, यमन, मालकंस, बैरागी वगैरे राग आहेत, साथीला रोलँड कंपनीचे 808 ड्रम मशीन आणि 303 हे बेस यंत्र आहे. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभर ‘शिकागोच्या आधीचे ॲसिड हाऊस’ (303 च्या पिळवटलेल्या स्वरांवर उभा हाऊसचा उपप्रकार) म्हणून गाजली, कारण शिकागोच्या फ्यूचर या गटाची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही तबकडी त्याच 303 वर 1987 मध्ये आली. शिकागोत मात्र यंत्राच्या खुंट्या फिरवून स्वराचा पोतच पिळवटला होता. चरणजित सिंग त्याच यंत्राच्या घसरत्या स्वरांतून मींड काढू पाहत होते. हेतू वेगळा, कानही वेगळा. त्यांच्या तबकडीच्या शीर्षकातच ‘डिस्को बीट’ हे शब्द आहेत. कर्त्याने स्वतः दिलेले नाव पुसून त्यांना दुसऱ्या शहराचे पूर्वज ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

काळी पाच

आपली कळकळ समजते, तरीही एक गोष्ट मांडतो. ‘ॲसिड’ हा शब्द जोडला गेला नसता, तर 2015 मध्ये मुंबईत निधन होण्यापूर्वी चरणजित सिंग यांना परदेशातल्या तरुण श्रोत्यांपुढे हीच रचना वाजवता आली असती का? चुकीच्या नावानेही कधी कधी श्रोता योग्य दारापर्यंत येतो.

मध्यलय यांना मात्र माझा प्रश्न कायम आहे. आपल्या कपाटात डी ट्रेनची ती तबकडी कोणत्या चिठ्ठीखाली ठेवाल?

मध्यलय

न्यूयॉर्क, 1981, डिस्को.