शब्दचर्चा : ‘कस्टम कीबोर्ड शॉर्टकट’

प्रश्न : गिरगावातील एका मुद्रणालयासाठी मी संगणकवापराची पुस्तिका लिहीत आहे. मुद्रितशोधकांनी वर्डमध्ये आपापल्या सोयीने ठरवायच्या ‘कस्टम कीबोर्ड शॉर्टकट’साठी मी ‘सानुकूल लघुमार्ग’ असे लिहिले, परंतु तेथे कुणालाच त्याचा अर्थ लागला नाही. दुसरा शब्द सुचवावा.

उत्तर : यात वाचणाऱ्यांची चूक नाही. मराठीत सानुकूल म्हणजे अनुकूल. वारा सानुकूल असतो, ग्रह सानुकूल असतात. ‘वापरणाऱ्याने स्वतः ठरवलेले’ हा अर्थ भाषांतरकारांनी त्या शब्दावर लादला आहे.

‘लघुमार्गा’ची अडचण निराळी आहे. विंडोजमध्ये डेस्कटॉपवरील चिन्हालाही शॉर्टकटच म्हणतात, आणि त्या चिन्हाच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘शॉर्टकट की’ची वेगळी चौकट असते, जिच्यात एखादे अक्षर दाबले की कंट्रोल आणि आल्ट आपोआप त्याच्याआधी येतात. ही कृती समजावताना दोन्हींना लघुमार्ग म्हटले, तर वाक्य उलगडणारच नाही. म्हणून चिन्हाला लघुमार्ग राहू द्यावे आणि एकत्र दाबायच्या कळांसाठी ‘कळजोड’ वापरावा. कळ हा आपला जुना शब्द आहे. एका जागी कळ दाबावी आणि दुसरीकडे यंत्र हलावे, हा अर्थ त्यात आधीपासूनच आहे. शब्द मात्र ‘नळाचा जोड’प्रमाणे पुल्लिंगीच ठेवावा, कारण स्त्रीलिंगी केल्यास ‘कळजोडीला’ असे रूप होऊन दोनच कळांची जोडी डोळ्यांसमोर येते, आणि कंट्रोल-शिफ्ट-व्ही या कळजोडात तर तीन कळा आहेत.

‘कस्टम’साठी विशेषण शोधूच नये. ‘या आज्ञेला कळजोड नेमा’, ‘आपण नेमलेला कळजोड’ अशा रचनांत ‘नेमणे’ हे क्रियापद सारे काम करते. वर्डमध्ये कळजोड नेमण्याच्या चौकटीत नव्या कळा दाबल्यावर त्या आधीच कोणत्या आज्ञेला नेमलेल्या आहेत हे दिसते, तेथेही हेच क्रियापद चपखल बसते. ते पाहूनच कळजोड नेमावा, असे पुस्तिकेत आवर्जून लिहावे. भारतीय इंग्रजी कळफलकावर कंट्रोल-आल्ट-4 ने ₹ हे चिन्ह उमटते. तोच कळजोड दुसऱ्या आज्ञेला नेमला, तर दरपत्रक टंकताना खोळंबा होईल.

प्रश्न : ‘शॉर्टकट’ सर्वांच्या तोंडी रुळला आहे. तोच का ठेवू नये?

उत्तर : बोलण्यात अवश्य ठेवावा. लेखनात मला तो खटकतो, कारण मुंबईत ‘शॉर्टकट मारला’ म्हटले की पादचारी पूल टाळून रेल्वेरूळ ओलांडणारा माणूस आठवतो. कळजोड वापरणारा मुद्रितशोधक काहीही टाळत नसतो. माउसकडे हात न नेता तो आपली नजर ओळीवर टिकवून धरतो.