पर्सी स्लेज यांच्या गाण्यातली निष्ठा

प्रश्न : अमेरिकन गायक पर्सी स्लेज यांच्या १९६६ सालच्या ‘व्हेन अ मॅन लव्हज अ वूमन’ या गाण्यात, प्रेयसीला कोणी नावे ठेवली तर नायक जिवलग मित्राकडेही पाठ फिरवतो. ही निष्ठा म्हणावी की आंधळेपणा?

उत्तर : दोन्ही. प्रेयसी खेळवत असेल तर ते सर्वांत शेवटी त्या प्रियकरालाच कळते, हेही गाण्यातच आहे.

दुसरे उत्तर : मला तरी उत्तर शब्दांपेक्षा स्वरांत सापडते. अलाबामात ध्वनिमुद्रित झालेल्या या गाण्यात स्पूनर ओल्डहॅम यांचा ऑर्गन संथपणे उतरत जातो आणि त्यावर, तोवर रुग्णालयात नोकरी करत असलेल्या स्लेज यांचा आवाज फाटण्याच्या बेतात येऊनही सूर सोडत नाही.

प्रश्नकर्ता : ऑर्गनकडे माझे लक्षच गेले नव्हते, आता पुन्हा ऐकतो.