सॉइल गॅस, लीकेज… मराठीत काय म्हणायचं?

काळीमाती: एका भाषांतरात अडकलेय. कॅनडात सस्कॅचवान प्रांतात वेबर्नचं तेलक्षेत्र आहे, तिथे 2000 पासून कार्बन डायऑक्साइड जवळपास दीड किलोमीटर खोल सोडतात, तो तिथेच साठून राहतो; तो वर येतोय का हे बघायला शेतात नळी खुपसून मातीतला गॅस ओढून तपासला गेला. ह्या 'सॉइल गॅस'ला मी मृदावायू लिहिलं तर संपादक म्हणतात कोणाला कळणार नाही. आणि लीकेजला गळती चालेल ना?

शेतकरीपुत्र: सरळ मातीतली हवा लिहा, मृदा शाळेच्या पुस्तकाबाहेर कोण बोलतं? आपल्याकडे वाफसा आहेच की, त्यात हवा आलीच.

पाभर: वाफसा म्हणजे हवा नाही हो, जमिनीची स्थिती. पाऊस उघडला, ढेकूळ मुठीत दाबलं की हाताला न चिकटता फुटतं, पाभर चालते, तो वाफसा. गॅसला कसा लावणार?

रसायनवाला: माझा आक्षेप गळतीला. 2011 मध्ये तिथल्याच एका शेतकरी कुटुंबाने सांगितलं की पुरलेला वायू आमच्या जमिनीतून वर येतोय, आणि मातीत कार्बन डायऑक्साइड भरपूर सापडलाही. पण मुळं आणि जिवाणू श्वास घेतात, ऑक्सिजन जितका घेतात साधारण तितकाच हा वायू सोडतात, म्हणून दोन्हीची बेरीज सहसा 21 टक्क्यांपुढे जात नाही. खालून वायू घुसला तर बेरीज चढते आणि नायट्रोजन 78 च्या खाली उतरतो. तिथे हिशोब श्वसनाचा निघाला, शिवाय कार्बन-14 सापडला, जो सजीवांत असतो पण फार जुन्या कोळशापासून केलेल्या त्या पुरलेल्या वायूत नसतोच. तपासाआधी गळती लिहिलं तर निकालच लिहिला. उत्सर्जन म्हणा.

काळीमाती: उत्सर्जन म्हटलं की धुराडं येतं डोळ्यासमोर. पाझर?

शुद्धमराठी: पाझर पाण्याचा असतो. पाझर तलाव, फार तर मायेचा पाझर. गॅस पाझरत नाही, निसटतो.

शेतकरीपुत्र: लोक बोलतील तो शब्द, सगळीकडे कोश कशाला आणायचा.

हळदकुंकू: वायूच्या ह्या साठवणीला पेव, म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार, का म्हणत नाही आपण? सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती. आजोबा सांगायचे, पेवाचं तोंड आधी बराच वेळ उघडं ठेवायचे, मग दिवा सोडून बघायचे, विझला तर कोणी उतरायचं नाही, आत वायू कोंडलेला असायचा. हेही मॉनिटरिंगच झालं ना.

शुद्धमराठी: पण पेव फुटणे म्हणजे सुळसुळाट होणे. 'कार्बनचं पेव फुटलं' वाचून लोकांनी काय समजायचं?

पाभर: तो अर्थ नंतरचा असणार, पेव फोडलं की धान्य भसाभसा बाहेर, त्यावरूनच आला असावा. आमच्या लातूरकडे वाड्यात धान्य साठवायला बळद असायचं. पेव आणि बळद एकच का?

हळदकुंकू: माझ्या मते वेगळं. पेव रानात खोल खणलेलं, तोंड अरुंद, माणूस जेमतेम उतरेल एवढं. 2005 च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं, त्यानंतर कोणी वापरतं का अजून? तिकडचं कोणी असेल तर सांगा.