माशांच्या जेवणाला वाइन: दुकानात बाटली कशी पारखायची?

प्रश्न (म्हापसा): रविवारी आठजण जेवायला आहेत. सुंगटांचं हुमण (कोळंबीची आमटी), रव्यात तळलेला इसवण (सुरमई), सोलकढी. बाटलीमागे हजार रुपयांपर्यंत चालेल. दुकानात नेमकं काय बघू? किती बाटल्या लागतील?

उत्तर १: लेबल नंतर, आधी बाटली कुठे ठेवलीय ते बघा. आपल्याकडच्या उकाड्यात वाइन फळीवरच बिघडते. उन्हाकडच्या काचेतली घेऊच नका. कॉर्क तोंडाबाहेर सरकलाय किंवा आवरणाखाली चिकट ओघळ आहे, म्हणजे वाइन तापून फुगली होती. कोवळी पांढरी वाइन उजेडात फिकट पिवळी दिसावी. तपकिरी झाक आली असेल तर हवा लागलीय. स्क्रू कॅपला कमी समजू नका, ताज्या वाइनला तेच उत्तम. द्राक्षतोडणीचं साल गेल्या एक-दोन वर्षांतलं हवं.

उत्तर २: हुमणाला नाशिकची किंचित गोडसर शेनिन ब्लाँ, इसवणाला सोव्हिन्याँ ब्लाँ, दोन्ही पांढऱ्या वाइन. अल्कोहोल १२-१३ टक्क्यांच्या वर नको, तिखट जास्त झोंबतं. जड रेड तर माशाबरोबर लोखंडासारखी लागते. ७५० मिलीत १५० मिलीचे पाच ग्लास. माणशी दोन धरले तर सोळा, म्हणून चार बाटल्या.

उत्तर ३: गोव्यातली पोर्ट वाइन गोड असते, ती जेवणात नको, नंतर बेबिंकाबरोबर (थराथरांचा गोड पदार्थ) द्या. फ्रिजमध्ये जागा नसेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा, वीस मिनिटांत गार होते. नुसत्या बर्फात मध्ये हवा राहते, वेळ लागतो.